गल्लीची ना-हरकत

सगळी मुलं जन्मताच रडतात. हरकतराव मात्र, त्यांच्या आईच्या सांगण्याप्रमाणे, आधी खोलीभर नजर फिरवून, कुणाची ना नाही अशी खात्री करून घेऊन मग रडले. हरकतराव हे अर्थात कचेरीतल्या सोबत्यांनी ठेवलेलं नाव. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथून ते फारसं बाहेर पडत नसे. ते आवक-जावक विभागात होते. कचेरीत शिरणारा कागद त्यांच्या टेबलावरून शिरे आणि बाहेर पडणारा कागद त्यांच्याच टेबलावरून बाहेर पडे. "ना-हरकत जोडलीय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि "मग आधी ती आणा" हे शेवटचं वाक्य. पंखा लावायचा झाला तरी आजूबाजूच्या चार टेबलांना विचारल्याशिवाय त्यांचा हात बटणाकडे जात नसे. चार टेबलांचं एकमत होईपर्यंत संध्याकाळ होई आणि पंख्याची गरज उरत नसे.

या भल्या माणसाला दोनच नाद. एक लेखी परवानगीचा आणि दुसरा कीर्तनाचा. कुठेही कीर्तन असो, हे पुढच्या रांगेत मांडी ठोकून हजर. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गालाला फेस लावून, आदल्या दिवशीच्या पदाची चाल गुणगुणत आरशापुढे उभे. आपला गळा गोड आहे असं त्यांचं मत होतं. त्या मताला घरात कुणी हरकत घेतली नव्हती, कारण नेमकं तेवढंच त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पण नमनालाच घडाभर तेल नको. मुद्द्यावर येऊ.

मुद्दा म्हणजे ठकी. हरकतरावांची एकुलती एक लेक, सहावीत. बोलणं बेताचं, ऐकणं फार. पाहुणे आले की ही दाराच्या चौकटीला टेकून गप्प उभी, आणि पाहुणे गेले की त्यांच्यातलं कोण काय म्हणालं आणि म्हणताना कुणाचा आवाज कुठे कापरा झाला, ते सांगणार. तिचा मागच्या वर्षीचा शालेय प्रकल्प होता धरणाचा. 'तिचा' हा शब्द सैल अर्थाने घ्यावा. धरण हरकतरावांनी बांधलं, रंग हरकतरावांनी दिला, पाणी हरकतरावांनी सोडलं. ठकीने फक्त डिंकाची बाटली धरली. प्रदर्शनात ते धरण मुख्याध्यापिकाबाईंच्या पायांवर फुटलं, तेव्हा मात्र सगळ्यांनी ठकीकडे बघितलं.

म्हणून यंदा ठकीने आधीच बजावलं, "बाबा, या वर्षी तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं. मग बोट?"

"बोटसुद्धा नाही."

आईने हे ऐकून स्वयंपाकघरातून "शाबास!" असं ठणठणीत पाठवलं. हरकतरावांना ते लागलं. पण वर्षभर चाललेल्या त्या धरणाच्या चर्चेमुळे त्यांची बाजू लंगडी होती.

यंदाचा प्रकल्प ठकीने एकटीने योजला. नाव ठेवलं, 'आमच्या गल्लीचा दिवस: कानांनी.' आईच्या जुन्या फोनवर खिडकीत बसून गल्लीतले आवाज ती एकेक करून टिपत होती. दुपारची तोफआजोबांची शिंक, भाजीवाल्या मावशींची आरोळी, टेलरमास्तरांचं मशीन, जिन्यावरून उतरताना दर पायरीला कण्हणारी वरच्या मजल्यावरची बादली. मोठ्या कागदावर तिने गल्लीचं चित्र काढलं होतं आणि कुठला आवाज कुठून येतो तिथे छोटे छोटे कान रंगवले होते. इतके कान एका कागदावर बघून आईला जरा कसंतरी झालं, पण ती काही बोलली नाही. राहिली होती फक्त संध्याकाळ. सगळे घरी परततात, गल्ली भरून येते, सगळे आवाज एकमेकांत मिसळतात, ती वेळ. ठकीने ती शेवटी ठेवली होती, जेवणातला आवडीचा घास शेवटी ठेवावा तशी.

आणि शाळेची सूचना आली.

तिला कारण होतं. मागच्या वर्षी वरच्या वर्गाचे ग्रहमालेचे प्रकल्प झाले तेव्हा निम्म्या वर्गाने एकच शनी चिकटवला होता, आणि त्या शनीच्या कड्यांवर एका संकेतस्थळाचं नाव आडवं छापलेलं होतं. एका मुलाने तर ते नाव शनीच्या उपग्रहाचं म्हणून पाठही केलं होतं. म्हणून यंदा प्रकल्पाच्या बाईंनी लिहून पाठवलं: 'प्रकल्पात इतर कुणाचे चित्र, लेखन, संगीत अगर आवाज वापरला असल्यास...' पुढे आणखी तीन ओळी होत्या. पण हरकतरावांना 'इतर कुणाचे' एवढं वाचूनच स्फुरण चढलं. कढईत पाण्याचा थेंब पडावा तसे ते खुर्चीतून उडाले.

"ठके, यातला एक तरी आवाज तुझा आहे का?"

"नाही."

"म्हणजे सगळेच दुसऱ्यांचे! परवानगी घेतलीस?"

"शिंकेची?"

"शिंकेची. का, शिंकेला मालक नसतो?"

"बाबा, तुम्ही हात लावायचा नाही असं ठरलंय."

"प्रकल्पाला लावतच नाहीये मी. मी कागदाला लावतोय," हरकतराव म्हणाले, आणि ज्या माणसाला वर्षभर घरात काही काम नव्हतं त्याच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की आईला सुद्धा 'नको' म्हणवेना. लेकीसाठी आपल्यालाही काहीतरी येतं, एवढंच त्या बिचाऱ्याला दाखवायचं होतं. सगळे घोटाळे अशा चांगल्या हेतूनेच सुरू होतात. वाईट हेतूची माणसं निदान आधी विचार तरी करतात.

पहिला कागद तोफआजोबांचा. आजोबा समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत. दुपारी जेवून आरामखुर्चीत बसले की त्यांना शिंक येई, आणि ती आली की पारवे उडत, पाळण्यातली मुलं उठत आणि अख्ख्या गल्लीला कळे की आता दुपारची झोप पुरे. हरकतरावांनी मसुदा वाचून दाखवला: 'माझी दुपारची शिंक शैक्षणिक कारणासाठी वापरण्यास माझी काहीही हरकत नाही.'

"ऐकव बघू," आजोबा म्हणाले. ऐकली. पुन्हा ऐकली. मान हलवली. "ही नको."

"अहो आजोबा, तुमचीच आहे."

"माझी आहे रे, पण माझ्या नावाला शोभणारी नाही. शेवट ऐक, कसा पडलाय! त्या दिवशी मला पेंग आली होती, निम्मी आतच राहिली. ही शाळेत वाजवलीस तर पोरं म्हणतील, म्हाताऱ्याला पडसं आहे. पुन्हा घे. मी चांगली देतो."

आता शिंक ही काही हाक मारल्यावर येणाऱ्यातली नव्हे. आजोबा मिरपुडीची बाटली घेऊन बसले, उन्हाकडे तोंड करून बसले, रुमालाचं टोक नाकात घालून बसले. शिंक येईना. उलट रोज दुपारी आपणहून यायची, तीही बंद झाली. तिसऱ्या दिवशी त्यांची सूनबाई हरकतरावांना जिन्यात भेटली. "भावजी, काय करून ठेवलंत हो हे? मामंजी ताटावरून उठून खिडकीत पळतात, आली आली म्हणून. आणि येत काहीच नाही. आता माझ्यावर चिडतात. म्हणे तुझ्या फोडणीत पूर्वीचा दम राहिला नाही!"

दुसरा कागद भाजीवाल्या मावशींचा. मावशींची आरोळी म्हणजे गल्लीचं घड्याळ. "ताऽजी ताजी! घ्या गं बायांनोऽऽ" असं म्हणत त्या शेवटचा 'नो' असा उंच फेकत, की तो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन पडे.

"माझी हरकत कशाला असेल दादा?" मावशी टोपली उतरवत म्हणाल्या. "पण ती आरोळी माझी नाही हो. माझ्या सासूची. तिचं नाव घाला कागदावर."

हे पलीकडे गाडीवर संत्री रचणाऱ्या फळवाल्या काकांच्या कानावर गेलं. त्यांचीही आरोळी त्याच चालीची होती. इतकी वर्षं दोघं एकाच गल्लीत एकाच चालीत ओरडत होते, आणि कुणाला काही वाटलं नव्हतं.

"सासूची?" काका म्हणाले. "ती चाल माझ्या मामाची! तुमच्या सासूने मामाच्या गाडीमागे उभं राहून उचलली ती."

"माझी सासू कुणाच्या गाडीमागे उभी राहणारी बाई नव्हती! तुमचा मामाच मुका होता. पहिली चार वर्षं नुसती घंटी वाजवायचा. मला सगळं माहीत आहे."

भांडण विकोपाला जाणार, तेवढ्यात साक्षीदारकाका आले. साक्षीदारकाकांना तरुणपणी एकदा कोर्टात साक्षीला बोलावलं होतं. त्या दिवशी सुनावणी झाली नाही ती नाहीच, पण तेव्हापासून गल्लीतला कायदा तेच बघत. ते डोळे मिटून म्हणाले, "हे बघा, प्रकरण मालकीहक्काचं आहे. निकाल लागेपर्यंत जैसे थे. म्हणजे दोघांपैकी कुणीच ओरडायचं नाही."

"अहो काका, जैसे थे म्हणजे आधी चालत होतं तसंच चालू ठेवणं," हरकतराव दबकत म्हणाले.

"कोर्टात तुम्ही गेला होता का मी?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मावशी आणि काका दोघंही तोंडाला कुलूप लावून, एकमेकांकडे बघत, गल्लीतून मुक्याने जाऊ लागले. बायकांना भाजी आल्याचं कळेना. घराघरांतून डब्यातली डाळ निघाली, आणि पुरुष मंडळी ताटाकडे बघून हरकतरावांचं नाव काढू लागली.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. पण तिसरा कागद टेलरमास्तरांचा राहिला होता, आणि अर्धवट फाइल हरकतरावांना बघवत नसे.

मास्तरांनी आनंदाने सही केली. घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. मशीनच्या खडखडाटामागे मास्तरांचा रेडिओ लागलेला होता, आणि त्यावर एक गाणं. दोनच ओळी, त्याही मशीनखाली चेपलेल्या. पण होत्या. हरकतरावांनी रेडिओ केंद्राला फोन लावला. 'तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे' असं सांगून तिकडून गाणं सुरू झालं, आणि देवाची करणी बघा, नेमकं तेच गाणं! ज्याची परवानगी मागायची ते गाणं आपण परवानगीवाचून ऐकतोय, या विचाराने हरकतरावांनी फोन कानापासून लांब धरला.

"बोला सर, जाहिरात द्यायची का?" एक मुलगी म्हणाली.

"नाही, दोन ओळी हव्यात. म्हणजे आलेल्याच आहेत. मशीनमागून."

"कुठलं मशीन, सर?"

"शिवणाचं."

मग मुलगी फार मऊपणे, आजारी माणसाशी बोलावं तशी बोलली. "सर, गाणं आमचं नसतं. कंपनीला विचारा." कंपनीने सांगितलं, शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसरीचा, तुम्हाला नेमकं काय हवंय? हरकतराव म्हणाले, मला खरं तर मशीन हवंय. कंपनीने फोन ठेवला.

मग उपाय निघाला: रेडिओ बंद करून मशीन पुन्हा टिपायचं. मास्तर बसले. पाय पायट्यावर. पण पाय हलेना. इतकी वर्षं तो पाय गाण्याच्या ठेक्यावर चाललेला. बिनगाण्याचं मशीन खड... खड... खडड असं ठेचकाळत चाललं, आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय दुसऱ्याहून चांगला वीतभर आखूड झाला. शेवटी मास्तरांनी स्वतः गाऊन मशीन चालवायचं ठरवलं. डोळे मिटून, जीव लावून गायले. तेच गाणं. तेही सबंध.

आता गल्लीत बोभाटा झाला होता की इथला प्रत्येक आवाज शाळेत जाणार. परिणाम काय झाला? निम्मी गल्ली गप्प झाली आणि निम्मी नटली. दूधवाला घंटी तालात वाजवू लागला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी बादलीच्या कड्यांना तेल दिलं, "आमची बादली कण्हते असं शाळेत कळायला नको." नवरा-बायको भांडताना खिडकी लावून घेऊ लागले, आणि लावलेल्या खिडकीआड भांडणात रंग भरेना म्हणून भांडणंही सोडून देऊ लागले. शेवटची ही गोष्ट चांगली म्हणता येईल, पण ती गल्ली ठकीची नव्हती.

ती संध्याकाळी फोन घेऊन खिडकीत बसे आणि तसाच परत ठेवी. प्रदर्शन दोन दिवसांवर आलं. हरकतराव फाइलीला नाडी बांधत होते तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, आता गल्लीत आवाजच नाही."

हरकतरावांनी कान दिला. खरंच नव्हता. नळ गळत होता तेवढा.

"तुम्ही हात लावायचा नाही म्हटलं होतं," ठकी म्हणाली आणि आत गेली.

ठकीची आई दारात उभी होती. ती नवऱ्याला टाकून बोलणारी बाई नव्हे, पण या वेळी तिच्यानेही राहवलं नाही. "अहो, मागच्या वेळी निदान धरणच फोडलं होतंत."

हरकतरावांना त्या दिवशी चहा गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्धी रजा टाकून ते शाळेत गेले. मुदतवाढ मागू, सगळा दोष आपल्या अंगावर घेऊ, पण पोरीचा प्रकल्प वाचवू, असं मनाशी ठरवून. शाळेच्या कचेरीत एक कारकून बसला होता.

"प्रकल्पाच्या बाईंना भेटायचंय."

"भेटीच्या चिठ्ठीवर बाईंची सही लागेल."

"पण भेटल्याशिवाय सही कशी मिळणार?"

"आणि सहीशिवाय भेट कशी मिळणार?" कारकून शांतपणे म्हणाला. इतक्या दुःखातही हरकतरावांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. असं काम हल्ली बघायला मिळत नाही.

नशिबाने बाईच बाहेर आल्या. हरकतरावांनी फाइल पुढे केली. बाईंनी शिंकेचा कागद वाचला. आरोळीचा वाचला. मग ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघितलं. हसू आवरणाऱ्या माणसाला खिडकीबाहेर नेहमीच फार काही दिसतं.

"तुम्ही सूचना वाचली होती का?"

"मी? बाई, माझा जन्म सूचना वाचण्यात गेला."

"सगळी?"

बाईंनी कपाटातून सूचना काढून वाचली: 'प्रकल्पात इतर कुणाचे चित्र, लेखन, संगीत अगर आवाज वापरला असल्यास तो कुणाचा हे स्पष्ट सांगावे. दुसऱ्याचे आपले म्हणून दाखवू नये. लागेल तेवढेच घ्यावे. शंका असल्यास वर्गात विचारावे.'

"परवानगीचा शब्द आहे का यात कुठे?" बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची अख्खी वस्तू उचलली, छापून वाटली, विकली, तर विचारायलाच हवं. पण मुलं अभ्यासासाठी लहानसा तुकडा घेतात, वर्गात दाखवतात, कुणाचा ते सांगतात. एवढ्याला सहसा कुणी अडवत नाही. मशीनमागच्या दोन ओळी राहू द्यात. नाव सांगायचं, एवढंच."

"नाव सांगायचं," हरकतराव पुटपुटले.

आणि तिथे, शाळेच्या त्या कचेरीत, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जन्मभर ते पुढच्या रांगेत बसून काय ऐकत आले होते? बुवा उभे राहतात, दुसऱ्याचं पद गातात, त्यावर आपला विस्तार करतात, पुन्हा पदाशी येतात आणि पद संपताना ज्याचं त्याचं नाव मोठ्याने घेतात. कुणी बुवांना चोर म्हणत नाही. उलट ते नाव आलं की सगळी सभा मान डोलावते. गळा बुवांचा, शब्द दुसऱ्याचे, आणि आनंद सगळ्यांचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हरकतरावांनी तर वळसा घालताना वाटेतली गावंसुद्धा उठवली होती.

संध्याकाळी ते गल्लीत आले ते थेट माफी मागायलाच. घरोघर जाऊन कागद परत करायचा धीर नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यांना एकदम सांगायचं ठरवलं. फळवाल्या काकांनी संत्र्यांचं रिकामं खोकं गाडीशेजारी पालथं घातलं होतं. "चढू का? हरकत नाही ना?" असं विचारून, काका काही बोलायच्या आत, हरकतराव त्यावर चढले. हातात फाइल. लोक खिडक्यांत आले.

"बंधुभगिनींनो, गेल्या काही दिवसांत माझ्या एका चुकीच्या अर्थबोधामुळे..."

खोकं जुनं होतं आणि अर्थबोध हा शब्द जड. फळी मोडली. हरकतरावांचा एक पाय खोक्यात गेला, आणि ते तोल सावरायला गाडीला धरायला गेले. गाडी उतारावर होती. ती हलली, आणि रचलेली संत्री जी सुटली ती गल्लीभर. फाइलीची नाडी सुटली आणि ना-हरकती वाऱ्यावर गेल्या.

"अहो!" ठकीची आई गॅलरीतून ओरडली. "अगं बाई, लागलं का?"

"धरा धरा, ते नाल्यात चाललं!"

"पायाखाली बघ रे!"

घराघरांतून माणसं बाहेर आली. पोरं संत्र्यांमागे पळू लागली, दूधवाल्याची घंटी ताल विसरून खणखणली. फळवाल्या काकांनी डोक्याला हात लावला, पण गाडीभोवती एवढी गर्दी झालेली बघून त्यांचा जन्माचा धंदा जागा झाला. आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी तोंडाला हात लावून आरोळी ठोकली, "गोऽड गोड! घ्या गं बायांनोऽऽ!" हे मावशींना सहन होणं शक्यच नव्हतं. इतक्या दिवसांची कोंडलेली आरोळी त्यांनी अशी सोडली, की शेवटचा 'नो' या वेळी तिसरा मजला ओलांडून गच्चीवर गेला. टेलरमास्तरांनी हसता हसता रेडिओ मोठा केला. नवरा-बायको खिडकी उघडून भांडू लागले की संत्री आधी कुणी बघितली. आणि वाऱ्यावर आलेला एक कागद, योगायोगाने शिंकेचाच, तोफआजोबांच्या नाकावर जाऊन आदळला.

शिंक आली. ती कशी होती याचं वर्णन करणं बरं नाही; जे तिथे होते त्यांना सांगायला नको, आणि जे नव्हते त्यांना खोटं वाटेल. समोरच्या इमारतीवरचे पारवे परतायला अंधार पडला, एवढं सांगतो.

"ही!" आजोबा आरामखुर्चीतून उभे राहत गरजले. "ही पाठवा शाळेत! हिच्यावर माझं नाव घाला!"

हरकतराव खोक्यात एक पाय घालून तसेच उभे होते. चष्मा एका कानावर, मिशीला संत्र्याचा रस. त्यांनी वर बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत ठकी बसली होती. एका हाताने फोन बाहेर धरलेला, दुसऱ्या हाताने तोंड घट्ट दाबलेलं, हसू फोनमध्ये जाऊ नये म्हणून.

प्रदर्शनाला गल्ली लोटली. बोलावलं कुणालाच नव्हतं. पण आपला आवाज शाळेत वाजणार म्हटल्यावर घरी कोण बसेल? मावशी इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या, काका नवी टोपी घालून आले, दोघं एकमेकांपासून लांब पण एकाच रांगेत बसले. साक्षीदारकाका पहिल्या खुर्चीवर होते, वेळ पडली तर साक्ष द्यायला.

दारातल्या पाहुण्यांना पाणी विचारतानासुद्धा जिची मान वर होत नसे, ती ठकी मंचावर उभी राहिली. एकेक आवाज ती वाजवायची आणि मग बोलायची. पोरीचा आवाज आधी बारीक होता, मग हळूहळू मोकळा झाला.

"ही शिंक तोफआजोबांची. पहिली त्यांना आवडली नाही म्हणून दुसरी आहे."

आजोबांनी उठून दोन्ही बाजूंना मान लववली.

"हे मशीन टेलरमास्तरांचं. मागचं गाणं ज्यांनी लिहिलं, ज्यांनी चाल लावली आणि ज्यांनी गायलं त्यांचं. मास्तरांचा फक्त पाय."

"ही आरोळी भाजीवाल्या मावशींची आणि फळवाल्या काकांची. त्यांच्याआधी मावशींच्या सासूबाईंची आणि काकांच्या मामांची. आधी कुणाची, यावर गल्लीत अजून भांडण चालू आहे. तेही पुढे ऐकायला मिळेल."

सभागृह हसलं. मावशींनी पदर डोळ्याला लावला. सासूचं नाव असं माईकवरून निघेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. काकांनी जरा खाकरून, पुढे वाकून, मावशींना "बरं झालं" असं म्हटलं. एवढंच. पण ते सगळ्यांनी बघितलं.

मग ती संध्याकाळ वाजली. संत्री, घंटी, गॅलरीतलं "अहो!", दोन आरोळ्या एकमेकींवर चढलेल्या, आणि वरून ती शिंक. अख्खी गल्ली त्या लहानशा फोनमधून बाहेर येऊन सभागृहात उभी राहिली होती. हरकतरावांची छाती अशी भरून आली की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं. सोडताना त्यांनी कुणाला विचारलंही नाही.

"आणि मग पुन्हा सकाळ," ठकी म्हणाली आणि शेवटचा आवाज लावला.

घरघर, घुंऽऽ, मध्येच एक चढ, मग घसरण, पुन्हा घरघर.

हरकतरावांनी कान टवकारले. बायकोकडे झुकून ते कुजबुजले, "हा पाण्याचा पंप कुणाकडचा गं?"

"तुमचा," ती पुढे बघतच म्हणाली.

"आपल्याकडे कुठे पंप आहे?"

"चाल कीर्तनातली आहे," मंचावरून ठकी सांगत होती. "कुणी रचली ते मी विचारलं, पण ती इतकी जुनी आहे की आता सांगता येत नाही. गुणगुणणं माझ्या बाबांचं. गल्लीचा दिवस या आवाजाने सुरू होतो. हा ऐकू आला नाही तर मला कळत नाही की सकाळ झाली."

सभागृह आधी हसलं आणि मग टाळ्या पडू लागल्या. हरकतराव दगडासारखे बसले होते. गोड गळा! इतकी वर्षं फेसाआडून ज्याला ते गोड गळा समजत आले, तो हा. आणि त्याची ना-हरकत कुणी घेतली नव्हती. सबंध गल्लीच्या नाकातोंडाचे कागद ज्याने फिरवले, त्याच्याच नरड्याचा कागद राहून गेला होता.

मुख्याध्यापिकाबाई उठल्या. त्यांनी आज सवयीने पाय जरा मागेच घेतले होते. "हा प्रकल्प आम्हाला शाळेच्या वाचनालयात ठेवायचा आहे. म्हणजे तो कायमचा राहील, पुढच्या मुलांनाही ऐकायला मिळेल. वर्गात ऐकणं वेगळं आणि कायमचं ठेवणं वेगळं, म्हणून विचारते. ज्यांचे आवाज आहेत त्यांची कुणाची हरकत?"

"नाही नाही!" गल्ली एका सुरात म्हणाली. फक्त एक माणूस बोलला नव्हता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. ठकी मंचावर उभी होती, ओठ मिटून. बाबा नाही म्हणाले तर सकाळ काढून टाकावी लागेल, हे तिला ठाऊक होतं, आणि त्यांनाही.

हरकतराव उठले. बेसूर पंपाचा मालक म्हणून पिढ्यान् पिढ्या ओळखले जाणार, हे स्वच्छ दिसत असताना उठले. लेकीकडे बघितलं. घसा साफ केला.

"हरकत नाही."

"मग तसं लेखी द्याल का?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. अर्ध्या वाटेवर थांबला आणि खाली आला.

"लेखी कशाला?" हरकतराव म्हणाले. "एवढ्या माणसांनी ऐकलंय की."